आधी बाईला विचारा

आमच्या घरात आजीची पोवळ्याची अंगठी हरवली, तेव्हा मी सातवीत होते. देवघरापासून माळ्यापर्यंत सगळं घर पालथं घालून झालं. मग आत्या आवाज खाली आणून म्हणाली, "बाईला विचारलंत का?" कुणी उत्तर दिलं नाही, कारण तो प्रश्न नव्हताच. मोरीत भांडी घासणाऱ्या मावशीच्या हातातली राख क्षणभर थांबली आणि पुन्हा फिरायला लागली. अंगठी तिसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडली. आजीच्याच बोटातून निसटली होती. "सापडली बाई एकदाची," म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आजीनं देवापुढे साखर ठेवली. मावशीला मात्र कुणी काही म्हणालं नाही. त्यानंतर ती जितकी वर्षं आमच्याकडे कामाला आली, तितकी वर्षं तिची पिशवी घरात आली नाही. पिशवी बाहेर पायरीवर ठेवायची आणि मग आत यायची. पावसातसुद्धा.

हे इतक्या वर्षांनी वर आलं ते एका अमेरिकन रहस्यकथेमुळे. बार्बरा नीली यांची 'ब्लांच ऑन द लॅम' ही कादंबरी १९९२ साली आली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं फार्ली नावाचं कल्पित गाव. तिथल्या न्यायालयात ब्लांच व्हाइट नावाची, अंगानं भरलेली, काळीभोर बाई आरोपी म्हणून उभी आहे. गुन्हा काय, तर दिलेले चेक वटले नाहीत. का वटले नाहीत, तर ज्यांच्या घरी ती राबते अशा चार खानदानी मालकांनी तिचे पैसे न देताच गावाबाहेर सुट्टीला प्रयाण केलं. न्यायाधीश तीस दिवसांची कैद सुनावतो. तेवढ्यात एका पुढाऱ्याच्या मागे पत्रकारांचा घोळका आत शिरतो, गडबड उडते, आणि स्वच्छतागृहात गेलेली ब्लांच तळघरातल्या गाड्यांच्या आवारातून निसटून रस्त्यावर येते. पळत पळत पोचते ती श्रीमंतांच्या आळीत. ज्या घरचं काम तिनं आधी घरकामाच्या एजन्सीला नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच घर. मालकीण दार उघडते आणि समजते, एजन्सीनं पाठवलेली बाई आली. दारात उभी काळी बाई, आणखी कोण असणार?

फरारी माणसाला लपायला जागा मिळाली ती अशी. पोलीस शोधताहेत, आणि ही त्या घरच्या स्वयंपाकघरात चिकन तळते आहे.

नावातली गंमत मराठी वाचकाला लगेच कळेल. ब्लांच म्हणजे फ्रेंचमध्ये गोरी, व्हाइट म्हणजेही गोरी. आपल्याकडे तिचं नाव गौरी गोरे झालं असतं. नीली स्वतःच्या नावाबाबतही अशाच खट्याळ होत्या. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जागा न सोडता, एकच शब्द असल्यासारखं जोडून लिहायच्या. जन्म १९४१चा, पेनसिल्व्हेनियातल्या लेबनन गावचा. लेखिका होण्याआधी त्यांनी चळवळीत आणि समाजकार्यात उमेदीची वर्षं घालवली. १९७१ साली शिक्षा झालेल्या स्त्रियांना तुरुंगाऐवजी वस्तीत ठेवून सुधारण्याचं पेनसिल्व्हेनियातलं पहिलं केंद्र त्यांनी आखलं आणि चालवलं. तीस दिवसांची कैद एखाद्या गरीब बाईच्या घराचं, पोरांचं, कामाचं काय करते हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

ही कादंबरी ज्या कुळातली, त्या कुळाला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. किटलीवर घालायच्या कापसाच्या टोपीला टी कोझी म्हणतात, तोच शब्द. ऊबदार रहस्यकथा. गाव छोटं असतं, एकमेकांना ओळखणारं. खून होतो, पण रक्त पानाबाहेर सांडतं. शिवीगाळ नाही, शय्यागृहाचं दार लोटलेलं. तपास करणारा पोलीस नसतो, गावातलाच कुणी हौशी माणूस असतो, बहुधा बाई. शेवटी खुनी पकडला जातो आणि गाव पुन्हा चहा प्यायला मोकळं होतं. या जातीच्या लेखक-वाचकांचं 'मॅलिस डोमेस्टिक' हे संमेलन १९८९पासून वॉशिंग्टन शहराच्या परिसरात भरतं. तिथे दिल्या जाणाऱ्या अगाथा पुरस्काराचं स्मृतिचिन्ह एक चहाची किटलीच असते.

अगाथा म्हणजे अर्थातच ख्रिस्तीबाई. त्यांची मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेत आली आणि १९३०च्या 'द मर्डर ॲट द व्हिकारेज'मध्ये पहिल्यांदा कादंबरीभर वावरली. विणकाम करणाऱ्या या म्हातारीसमोर लोक वाटेल ते बोलतात, कारण म्हाताऱ्या बाईकडे कोण लक्ष देतो? तिची सगळी हुशारी या दुर्लक्षावर पोसलेली. पण मिस मार्पलच्या घरीही मोलकरीण असते. अनाथालयातल्या मुली आणून ती त्यांना घरकाम शिकवते. १९५३च्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये तिनंच घडवलेली ग्लॅडिस ही मुलगी दुसऱ्या घरी कामाला असताना मारली जाते, आणि मारणारा तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवतो. मार्पल तिथे येते ती या अपमानानं पेटून. ख्रिस्तींच्या अनेक कथांमध्ये मोलकरणीच्या वाट्याला हेच काम येतं: तिनं काहीतरी पाहिलेलं असतं, ते ती नीट सांगू शकत नाही, आणि पुस्तकाच्या मध्यावर तिचा मुडदा पडतो. माहिती तिच्याजवळ, मान मार्पलला.

अमेरिकेत तर याचा लेखी नियमच होता. एस. एस. व्हॅन डाइन या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकानं १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम छापले. त्यातला एक असा की नोकराला खुनी ठरवू नये. ते फार सोपं होतं, आणि खुनी कसा तोलामोलाचा माणूस हवा. म्हणजे नोकर खुनी व्हायच्याही लायकीचा नाही. चेस्टरटन यांनी १९११च्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या फादर ब्राउनच्या कथेत हाच धागा उलटा ओढून पाहिला होता. इमारतीवर पहारा देणारे चार जण शपथेवर सांगतात की आत कुणीही गेलं नाही. गेलेला असतो तो पोस्टमन. सगळ्यांनी त्याला पाहिलेलं असतं, पण माणूस म्हणून मोजलेलं नसतं. कथा अप्रतिम आहे. तरी त्यातही गणवेशातला माणूस खुनी झाला, शोधणारा झाला नाही.

ही ऊबदार रहस्यकथा अमेरिकेच्या दक्षिणेत इतकी रुजली, त्याला तिथल्या गावांची ठेवण कारणीभूत आहे. घरापुढची ओसरी आणि तिच्यातली झुलती खुर्ची, रविवारचं चर्च, साखर घातलेला थंड चहा, तीन पिढ्यांची भांडणं आणि ती झाकणारी गोडगोड बोलण्याची रीत. कुणी मेलं की शेजारीण ओव्हनमध्ये शिजवलेला पदार्थ काचेच्या पसरट भांड्यात घेऊन दारात हजर. भांड्याखाली नावाची चिठ्ठी चिकटवलेली, म्हणजे भांडं परत मिळेल. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं? सुतकाच्या निमित्तानं कुणालाही कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरता येतं. जोन हेस यांनी आर्कान्सा राज्यात ७५५ वस्तीचं मॅगडी हे गाव वसवलं. कॅरोलिन हार्ट यांनी साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटावर पुस्तकांचं दुकान थाटलं. ॲन जॉर्ज यांनी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये दोन साठीतल्या बहिणी एकमेकींशी भांडायला सोडल्या. मजेदार पुस्तकं आहेत, प्रवासात वाचायला उत्तम. पण ती वाचताना एक प्रश्न मला छळत राहतो, आणि तो आमच्या मोरीतून आलेला आहे: इतकी मयतं झाली, इतकी भांडी आली, ती घासली कुणी?

१९९२ सालच्या पुस्तकांमध्ये अगाथा पुरस्कारानं दोन कादंबऱ्या निवडल्या, आणि योगायोग असा की दोन्हींचं राज्य नॉर्थ कॅरोलायनाच. सर्वोत्तम कादंबरी मार्गारेट मॅरन यांची 'बूटलेगर्स डॉटर'. नायिका डेबोरा नॉट, हातभट्टीवाल्याची लेक. अकरा भावांच्या पाठीवरची, शिकून वकील झालेली आणि न्यायाधीशपदाच्या निवडणुकीला उभी. सर्वोत्तम पहिली कादंबरी नीलींची. एक बाई कोर्टाच्या खुर्चीवर बसायला निघालेली, दुसरी त्याच जातीच्या कोर्टातून तळघरामार्गे पळालेली. मॅरन यांच्या पुस्तकाला त्या वर्षीचे बहुतेक सगळे मोठे पुरस्कार मिळाले आणि ते त्या लायकीचं आहेच. दक्षिणेतली तंबाखूची शेतं, भाऊबंदकी, बापाचा न पुसला जाणारा भूतकाळ त्यात घट्ट विणलेला आहे. तरी माझं मत नीलींच्या बाजूनं पडतं. मॅरन यांनी जुन्या घराला नवी खिडकी पाडली. नीली मागच्या दारानं आत आल्या आणि घराचा नकाशाच वेगळा दिसायला लागला.

ब्लांचच्या तपासाची रीत पाहण्यासारखी आहे. तिच्याजवळ भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. ताट परत आलं तर त्यात काय उरलं आहे ते तिला दिसतं. कुठल्या खोलीत रोज चादर बदलावी लागते, कुणाच्या दाराशी गेलं की मालकीण एकदम आडवी येते, घरात पैसा आहे की नुसता पैशाचा वास आहे, हे तिला पहिल्या दोन दिवसांत कळतं, कारण ते कळणं हा तिच्या पोटापाण्याचा भाग आहे. मालकाचा मूड ओळखता आला नाही तर काम जातं. माडीवर मालकिणीची म्हातारी मावशी आहे, दारू पिते म्हणून तिला कुणासमोर आणत नाहीत. तिच्या मृत्युपत्राचे कागद करायचे असतात, साक्षीदार हवे असतात. घरातल्यांना सहीसाठी सापडतात ते माळीकाम करणारा नेट आणि नवी आलेली स्वयंपाकीण. एरवी ज्यांचा शब्द कोर्टात कुणी धरला नसता, त्यांची सही मात्र कोर्टात चालते. त्यानंतर गावचा शेरीफ मरतो, मग नेट. यापुढची गोष्ट मी सांगणार नाही.

ती तपास करते ते का, हे मात्र सांगायला हवं, कारण नीलींनी या जातीच्या कथेचा कणा बदलला तो इथे. मार्पलला कुतूहल असतं, पुस्तकाच्या दुकानवालीला चाळा असतो. ब्लांचला सवड नाही. तिच्या मेलेल्या बहिणीची दोन मुलं, टाइफा आणि मलिक, तिच्या आईकडे ठेवलेली आहेत. पैसे हातात पडले की गाव सोडायचं एवढंच तिच्या डोक्यात असतं. पण घरात माणूस मेला, आणि पोलीस आले, तर पहिला हात कुणाच्या खांद्यावर पडेल हे तिला पक्कं माहीत आहे. हौशी गुप्तहेर म्हणतात तिला, पण हौस कसली? खुनी कोण हे तिनं शोधलं नाही तर खुनी तीच ठरणार.

ब्लांचच्या लहानपणीची एक आठवण पुस्तकात येते. काळ्या रंगावरून तिला पोरं चिडवतात तेव्हा तिच्या नात्यातली एक बाई तिला सांगते की लोकांना तुझा हेवा वाटतो, कारण तुझ्यात रात्र आहे, तू अंधारात मिसळून नाहीशी होऊ शकतेस. तेव्हापासून ती स्वतःला रात्रीची पोर समजते. मोठेपणी हीच कला ती गोऱ्यांच्या घरात वापरते. थोडं मंद असल्याचं सोंग, थोडी मान खाली, आणि समोरचा मोकळेपणानं बोलायला लागतो. एका बाबतीत मात्र ती स्वतःलाही बजावत असते. मालक आपल्यावर माया करतात, आपण त्यांच्या घरच्यासारख्याच, असं ज्या बायांना वाटायला लागतं त्यांना एक रोग जडला आहे असं ती मानते, आणि त्या रोगाला तिनं एक झोंबणारं नावही दिलेलं आहे. "आमची बाई म्हणजे अगदी घरच्यासारखी," हे वाक्य आपल्याकडे कुठल्या घरात ऐकू येत नाही? घरच्यासारखी, पण कप वेगळा.

या कादंबरीतला राग हवेतून आलेला नाही. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या काळ्या बायकांना मिळणारं काम म्हणजे प्रामुख्यानं गोऱ्यांच्या घरचं धुणं, स्वयंपाक आणि मुलं सांभाळणं. १८८१च्या जुलैत अटलांटा शहरात वीस धोबिणींनी एकत्र येऊन धुण्याचा दर ठरवला, डझनभर पौंडांना एक डॉलर, आणि संप पुकारला. तीन आठवड्यांत त्या तीन हजार झाल्या. नगरपालिकेनं धोबिणींवर वर्षाला पंचवीस डॉलरचा परवाना लादायची धमकी दिली, तेव्हा त्यांनी महापौरांना उलट कळवलं की पैसे भरतो, पण मग धुण्याचा कारभार पूर्णपणे आमच्या हातात द्या. टेरा हंटर यांच्या 'टू जॉय माय फ्रीडम' या १९९७च्या पुस्तकात या बायकांचं जग तपशिलानं आलं आहे. मालकाकडचं उरलंसुरलं अन्न डब्यातून घरी नेण्याच्या चालीलाही दक्षिणेत खास नाव होतं. मालक म्हणत, आमची उदारता. बाया म्हणत, पगार कमी देता तो असा वसूल. एकाच डब्याकडे दोन्ही बाजूंनी पाहायची ही नजर कळली की ब्लांच कळते.

कायद्यानंही त्यांना असंच बाहेर पायरीवर ठेवलं. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनमधून, शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. १९३८च्या किमान वेतनाच्या कायद्यातूनही तेच. हे दक्षिणेतल्या गोऱ्या खासदारांच्या दबावामुळे झालं असं बरेच इतिहासकार मानतात. घरोघरी वसुली करणं अवघड म्हणून सरकारनंच टाळलं असं काही जण म्हणतात. पेन्शनचं दार १९५०पासून उघडत गेलं, किमान वेतन मिळायला १९७४ उजाडलं. त्याआधी १९६८ साली अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी घरकामगार बायांची राष्ट्रीय संघटना काढली. त्या स्वतः लहानपणापासून हेच काम करत आलेल्या. बसमधून कामाला जाणाऱ्या बायांशी बोलत बोलत त्यांनी ती बांधली.

बसवरून अलाबामातलं माँटगोमेरी आठवलं. १९५५-५६ मध्ये काळ्या लोकांनी तिथे बसवर घातलेल्या बहिष्काराचं नाव निघालं की रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. पण ३८१ दिवस जे पाय चालले त्यातले पुष्कळसे मोलकरणींचे होते. जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकिणीनं बायकांना जमवून तळलेलं चिकन, 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ, केक करून विकायला सुरुवात केली आणि तो पैसा चळवळीला दिला. पैसा कुठून आला विचारलं तर उत्तर ठरलेलं: कुठूनच नाही. मंडळाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कुठलाच नसलेला क्लब. ज्या गोऱ्यांच्या घरी या बाया काम करत, त्यांना सुगावा लागला असता तर काम गेलं असतं. म्हणून नावं कुठे लिहायचीच नाहीत. गिल्मोर यांनी किंग यांच्या खटल्यात उघड साक्ष दिली, आणि त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती चळवळीतली माणसं जमू लागली. दक्षिणेतली खरी रहस्यकथा लिहायची तर मी या क्लबवर लिहीन. शहरभर पैसा फिरतो आहे, सगळ्या स्वयंपाकघरांत तो शिजतो आहे, आणि मालकांना पत्ता नाही.

आता हाक मारण्याबद्दल थोडं, कारण मराठी वाचकाला ते फार जवळचं आहे. इंग्रजीत 'यू' एकच, अगं आणि अहो यांचा निवाडा त्यात होत नाही. दक्षिणेनं तो नावात करून ठेवला होता. गोऱ्या मालकिणीला मिस लावायचं, काळ्या बाईला, ती साठीची असली तरी, नुसतं नाव. १९६३ साली अलाबामातल्या गॅड्सडेनच्या न्यायालयात मेरी हॅमिल्टन या चळवळीतल्या कार्यकर्तीला सरकारी वकिलानं "मेरी" म्हणून हाक मारली. गोऱ्या साक्षीदारांना मिस लावतात तसं लावल्याशिवाय मी उत्तर देणार नाही, असं तिनं सांगितलं. न्यायाधीशानं अवमान ठरवून पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ साली शिक्षा रद्द झाली. 'अहो' म्हणून घेण्यासाठी एका बाईला देशाच्या सर्वात वरच्या कोर्टाची पायरी चढावी लागली.

आपल्याकडे हा लढा वेगळ्या वाटेनं गेला. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली; २००८ साली महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. मोलकरणीची घरेलू कामगार झाली ती निदान कागदावर. रहस्यकथेत मात्र ती अजून झाडू मारतेच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारनं आणि काळ्या पहाडानं आमच्या दोन पिढ्यांच्या झोपा उडवल्या, भालबा केळकरांनी होम्सला मराठी बोलायला लावलं. पण घरातल्या बाईला पानावर बोलायची वेळ यायची ती पोलीस "तू काय पाहिलंस?" विचारतील तेव्हाच.

ब्लांचला आकाशातून पडलेली समजू नये. पॉलीन हॉपकिन्स या कृष्णवर्णीय लेखिकेची 'हेगर्स डॉटर' ही कादंबरी १९०१-०२ मध्ये बोस्टनच्या मासिकातून क्रमशः आली होती. तिच्यातली व्हीनस जॉन्सन ही मोलकरीण मुलाचा वेष घेऊन पळवलेल्या मालकिणीचा आणि स्वतःच्या आजीचा माग काढते. म्हणजे ब्लांचच्या नव्वद वर्षं आधी. मधल्या काळात हा धागा कुणी उचलला नाही, असं नाही; पण ऊबदार रहस्यकथेच्या दिवाणखान्यात त्याला कुणी बसवलं नाही.

ब्लांचनंतर शार्लेन हॅरिस आल्या. मिसिसिपीत जन्मलेल्या या बाईंच्या १९९६च्या 'शेक्सपिअर्स लँडलॉर्ड'मध्ये लिली बार्ड ही घरं साफ करणारी गोरी बाई आर्कान्सातल्या शेक्सपिअर नावाच्या गावात एकटी राहते. तिच्यावर पूर्वी भयंकर अत्याचार झालेला आहे. रात्री झोप येत नाही म्हणून चालायला निघते, आणि घरमालकाचं प्रेत कुणीतरी ढकलत बागेत नेताना पाहते. कशातून? तिच्याच कचऱ्याच्या ढकलगाडीतून. पोलिसांना सांगावं तर संशय तिच्यावर. पुन्हा तीच गाठ. हॅरिस यांची पुढे जगभर गाजलेली सूकी स्टॅकहाउस ही तर लुइझियानातल्या एका बारमधली वेट्रेस; 'डेड अंटिल डार्क' २००१मध्ये आलं आणि त्यावरून 'ट्रू ब्लड' ही मालिका निघाली. पिशाच्चांचा पसारा मला झेपला नाही, पण एक कल्पना जबरदस्त आहे: सूकीला गिऱ्हाइकांच्या मनातलं ऐकू येतं. कुठलीही जुनी वेट्रेस सांगेल, त्यात चमत्कार तो काय.

'द हेल्प' मात्र मला रुचलं नाही, हे मोकळेपणानं सांगते. २००९ची ती कादंबरी आणि २०११चा चित्रपट आपल्याकडेही खूप जणांनी डोळे पुसत पाहिला. त्यात मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातल्या काळ्या मोलकरणींच्या कहाण्या एक गोरी तरुणी गोळा करते आणि पुस्तक काढते. चित्रपट आला तेव्हा कृष्णवर्णीय स्त्री इतिहासकारांच्या संघटनेनं जाहीर पत्रक काढून आक्षेप घेतले होते. त्या कादंबरीच्या सतरा वर्षं आधी ब्लांचनं आपली गोष्ट कुणाच्याही वहीवाचून सांगितली होती.

नीलींनी तिच्यावर चारच कादंबऱ्या लिहिल्या. दुसरीत (१९९४) ब्लांच मेनच्या किनाऱ्यावर उच्चभ्रू काळ्यांच्या सुट्टीच्या गावी जाते आणि तिथे कातडीच्या छटांवरून चालणारा भेद अंगावर घेते. तिसरी (१९९८) बोस्टनची. चौथीत (२०००) ती पुन्हा फार्लीला येते, ज्या गोऱ्या माणसानं पूर्वी तिच्यावर बलात्कार केला होता त्याच्या गावात. चहाची किटली आता पुरेशी गार झालेली असते. ऊबदार रहस्यकथेत शेवटी गाव पूर्ववत होतं, तीच तिची ऊब. ब्लांचचं दुखणं हे की गाव पूर्ववत होणं म्हणजेच तिच्यावर संकट. म्हणून या चार पुस्तकांना कोझी म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. मी म्हणेन, म्हणावं. टोपी घातलेली असली तरी आतला चहा उकळता असू शकतो, हे त्या प्रकाराला कुणीतरी दाखवायलाच हवं होतं.

चौथ्या पुस्तकानंतर नीलींची ब्लांच गप्प झाली, बाजार मात्र बोलत राहिला. आज या प्रकारातल्या नायिका केक भाजतात, लोकर विकतात, पुस्तकाच्या शेवटी पाककृती देतात. कष्टाळू असतात, पण दुकान त्यांचं स्वतःचं असतं. दुसऱ्याच्या घरची फरशी पुसणारी विरळाच. अमेरिकेतल्या रहस्यकथालेखकांच्या संघटनेनं, मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिकानं, नीलींना २०२० सालच्या ग्रँड मास्टर म्हणून जाहीर केलं, तोवर वीस वर्षं लोटली होती. सोहळा वसंतात व्हायचा होता. २ मार्च २०२० रोजी त्या गेल्या, आणि सोहळाही त्या वर्षी साथीमुळे भरला नाही. संघटनेनं त्यांच्या नावानं कृष्णवर्णीय लेखकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली.

'ब्लांच ऑन द लॅम'चा मराठी अनुवाद माझ्या पाहण्यात नाही. कुणी करणार असेल तर एक विनंती. आपल्या नाटका-मालिकांत मोलकरीण आली की तिच्या तोंडी हशा पिकवणारी बोली घालायची सवय आहे. ब्लांचला ती लावू नका. तिचं बोलणं दोन तऱ्हेचं आहे: एक मालकिणीसमोरचं, "व्हय बाईसाहेब" छापाचं, मुद्दाम मठ्ठ केलेलं, आणि एक मनातलं, धारदार, हसरं, सगळं पाहून चुकलेलं. पहिलं सोंग आहे. कादंबरी या मनातल्या भाषेत लिहिलेली आहे, तेवढी ती मराठीत नीट उतरवा.